मुन्शीजींचे पाच परिच्छेद

"कागदावर जागा सोडू नोको, मुन्ना. जागा सुटली का माणूस घुसते."

बिसराम मुन्शींचा हा आवाज मुन्नालाल टेंभरे यांच्या कानात पंचेचाळीस वर्षांपासून बिऱ्हाड करून होता. तालुक्याला निबंधक कार्यालयासमोर कडुनिंबाचं झाड, झाडाखाली टिनाची पेटी, पेटीवर स्टॅम्पपेपर आणि स्टॅम्पपेपरवर वाकलेले बिसराम मुन्शी. खरेदीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र, ज्याला जे हवं ते लिहून द्यायचं हा त्यांचा धंदा. त्यांच्या हाताखाली शिकत असताना मुन्नालालकडून एका वाटणीपत्रात अर्धी ओळ कोरी राहून गेली. पुढे त्या अर्ध्या ओळीत कोणीतरी एक आंब्याचं झाड लिहून टाकलं. दोन सख्खे भाऊ त्या झाडापायी अकरा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढले. आंबा मात्र दरवर्षी वेळेवर पिकला आणि माकडांनी खाल्ला.

तेव्हापासून मुन्नालालने कागदावर मुंगी शिरेल एवढी फट ठेवली नाही. समासापासून काठापर्यंत अक्षर. वाक्य संपलं की त्याच्या टाचेला टाच लावून दुसरं वाक्य. ओळीत जागा उरलीच तर आडवी रेघ, आणि रेघ बरी दिसत नसेल तर कोणाचं काही बिघडणार नाही असे चार शब्द. परिच्छेद हा प्रकार त्याला ठाऊक होता, पण समुद्र ठाऊक असावा तसा. ऐकून.

बिसराम मुन्शी गेले, टिनाची पेटी मुन्नालालकडे आली, आणि पुढची तीस वर्षं कडुनिंबाची सावली त्याची झाली. गावात, पिपरटोल्यात, मग त्यांना नावाने कोणी हाक मारेना. ते मुन्शीजी झाले. घरात ते पोवारी बोलत, बाजारात हिंदी, आणि कागदावर अशी एक मराठी, जी कोणीच बोलत नाही पण जिच्याखाली सगळे मुकाट अंगठा उठवतात. नातू झाल्याची चिठ्ठी त्यांनी मेहुण्याला लिहिली, तीही 'राजीखुशीने, कोणाच्याही दबावास बळी न पडता व पूर्ण शुद्धीत' लिहिली. मेहुणा घाबरून पहिल्या गाडीने आला.

मुन्शीजींच्या हातून हजारो कागद गेले असतील, पण अभिमानाचा कागद एकच. सदतीस वर्षांपूर्वी गावात अंगणवाडी आली, तेव्हा बायकोसाठी, म्हणजे सुखवंताबाईंसाठी, त्यांनी लिहिलेला नोकरीचा अर्ज. दीड पान, सलग. बिसराम मुन्शींनी स्वतः पाठीमागे उभं राहून तपासलेला. सुखवंताबाई तो अर्ज घेऊन एकट्या बसने गेल्या आणि नोकरी घेऊन परत आल्या. हा किस्सा मुन्शीजींनी प्रत्येक लग्नाच्या मांडवात, दिवाळीनंतरच्या प्रत्येक मंडईच्या जत्रेत सांगितला. अर्ज वाचून साहेब खुर्चीत ताठ बसले आणि म्हणाले, ज्या घरात असा कागद लिहिला जातो त्या घरची बाई वापस पाठवायची नाही. साहेब असं म्हणाल्याचं मुन्शीजींना कोणी सांगितलं नव्हतं. अर्जाच्या वजनावरून त्यांनीच ते ताडलं होतं. घरी हा किस्सा सुरू झाला की सुखवंताबाईंना चुलीवर काहीतरी ठेवल्याचं आठवे आणि त्या उठून आत जात.

त्याच सुखवंताबाई आता निवृत्त झाल्या होत्या. निवृत्त झाल्या एप्रिलात, निरोप समारंभ ठरला ऑगस्टात. मधल्या काळात आधी लग्नसराई आली, मग वरच्या साहेबांची बदली आली, मग नव्या साहेबांना जुनी फाईल सापडेपर्यंत रोवणा आला. रोवणा म्हणजे धानाची लावणी. त्या दिवसांत इकडे समारंभ ठेवला तर भाषण ऐकायला नुसत्या खुर्च्या येतात.

अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या ओमेश्वरी मॅडम एक दिवस स्कूटी दारात उभी करून सांगून गेल्या, की यंदा पाच सेविका निवृत्त होत आहेत, त्यांच्यावर एक पुस्तिका निघणार आहे. प्रत्येकीबद्दल तिच्या घरच्या माणसाने एक पान लिहायचं आणि ते पान समारंभात माइकवर वाचलं जाणार. नियम सोपे होते. पाच परिच्छेद. एक परिच्छेद सहा-सात ओळींचा. एका परिच्छेदात एकच गोष्ट. मुन्शीजींना हे काय सांगायचं म्हणून मॅडम हसल्या आणि स्कूटीला किक मारून निघून गेल्या.

सुखवंताबाई अंगणात बसून तरोट्याची भाजी निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "शाल देओत का न देओत. पण माइकवर वाचतीन ना, तं नीट लिवजा. मले आयकाचं आहे."

मुन्शीजी दचकले. चाळीस वर्षांच्या संसारात या बाईने त्यांच्याकडे मागितलेल्या गोष्टी एका हाताच्या बोटांवर मावल्या असत्या, आणि त्यातही दोन विळे होते. मुन्शीजींनी तिची तोंडावर कधी स्तुती केलेली नव्हती. जेवण जमलं असेल तर ते दुसऱ्यांदा भात मागत; यापलीकडे त्यांची तारीफ गेली नाही. आता चारशे माणसांत, माइकवर, पाच परिच्छेदांत ती करायची होती. त्यांनी नवा पेन आणला.

पहिला मसुदा एका बैठकीत उतरला. 'लिहून देणार मुन्नालाल टेंभरे, लिहून घेणार सर्व संबंधित, कारणे लेख लिहून देतो ऐसा जे, सुखवंताबाई, वय वर्षे पासष्ट, धंदा अंगणवाडी व घरकाम, हिची चतुःसीमा येणेप्रमाणे, पूर्वेस अंगणवाडीची खोली, पश्चिमेस दीड एकर धान, उत्तरेस सासू, मयत, दक्षिणेस सदर लिहून देणार.' इथपासून सुरू होऊन 'वारसांस बंधनकारक राहील' इथे तो थांबला. कुठेही सुईची जागा नव्हती. मुन्शीजींनी कागद दूर धरून पाहिला. धान भरलेल्या कोठीसारखा दिसत होता.

ओमेश्वरी मॅडमनी तो दारातच उभ्याने वाचला. मध्ये दोनदा श्वास घेतला, एकदा भिंतीला हात टेकला. मजकूर पक्का आहे, त्या म्हणाल्या, पण काका, वाचणाऱ्याला दम लागतो. कुठे थांबायचं ते कळत नाही.

मुन्शीजींना हे लागलं. तीस वर्षांत त्यांच्या कागदाखाली सरपंचांनी, सावकारांनी, दोन माजी सभापतींनी अंगठे आणि सह्या केल्या होत्या, कोणालाही दम लागल्याची नोंद नव्हती. अर्थात त्यांच्यापैकी कोणी तो कागद वाचला होता का, हा प्रश्न वेगळा. तो मुन्शीजींनी मनाला विचारला नाही.

शेजारचे भोजराज गुरुजी निवृत्त मास्तर. कुंपणावरून कान देऊन असत. ते स्वतःची खुर्ची घेऊनच आले. परिच्छेद म्हणजे काय हे त्यांनी पस्तीस वर्षं मुलांना शिकवलं होतं आणि एकाही मुलाला समजलं नव्हतं, त्यामुळे त्यांचा उत्साह ताजा होता. पहिल्यात प्रस्तावना, दुसऱ्यात महत्त्व, तिसऱ्यात फायदे, चौथ्यात तोटे, पाचव्यात उपसंहार. मुन्शीजींनी विचारलं की सुखवंताचे तोटे लिहायचे का. गुरुजी म्हणाले, निबंधाची शिस्त आहे, थोडे लिहावेच लागतील. दोघांनी मिळून लिहिलेला दुसरा मसुदा 'मानवी जीवनात बालपणाचे अनन्यसाधारण महत्त्व आहे' असा उगवला आणि 'म्हणूनच सर्वांनी बालकांवर प्रेम करावे' असा मावळला. परिच्छेद बरोब्बर पाच, ओळी बरोब्बर सात. सुखवंताबाई मात्र त्यात कुठे सापडत नव्हत्या. तोट्यांच्या परिच्छेदात एकदा दिसल्या, तिथे त्यांचं घोरणं होतं.

सुखवंताबाईंनी तो ऐकला आणि ही घोरणारी कोणती मावशी आहे म्हणून विचारलं.

मग मुन्शीजी बसस्टँडजवळच्या टायपिंगच्या दुकानात गेले. तिथली डिंपल मोठी हुशार पोरगी, एका कानात इअरफोन ठेवून दुसऱ्या कानाने जगाची कामं करायची. तिने मुन्शीजींचा मूळ सलग मसुदाच मागितला. "दादाजी, टेन्शन मत लो," ती म्हणाली, "आजकल लंबा कोई नहीं पढता." 'ऐसा जे' आणि चतुःसीमा उडवून तिने सगळं घरगुती भाषेत केलं, जिथे जिथे वाक्य संपत होतं तिथे तिथे एक बटण दाबलं, आणि दहा मिनिटांत एकेचाळीस परिच्छेद तयार झाले. प्रत्येक एका ओळीचा. दोन ओळींच्या मध्ये ही एवढाली मोकळी जागा. मुन्शीजींनी ती जागा बोटाने झाकून पाहिली. त्यांनी विनवून पाहिलं की निदान आडव्या रेघा मारून दे. डिंपलने रेघांऐवजी झेंडूची फुलं टाकली, पण तीही तीनच जागी.

हा कागद पुढे ग्रामपंचायतीत गेला. कारण समारंभाच्या फाईलला असा एक नियम चिकटलेला होता, की ज्या बाईबद्दल लिहिलंय ती त्याच गावची आहे असा शिक्का हवा. सदतीस वर्षं जिने गावातल्या प्रत्येक पोराच्या नाकाला रुमाल लावला, ती गावची आहे का, हे तपासायला ग्रामपंचायतीला तीन दिवस लागले. तीन दिवस कागद टेबलावर उघडा पडून होता.

परत आला तेव्हा त्यावर शिक्का होता. आणि इतरही पुष्कळ काही होतं. 'सुखवंताबाई रोज सकाळी नऊला अंगणवाडी उघडत' याच्या खालच्या जागेत निळ्या शाईने लिहिलं होतं, 'कुलूप ग्रामपंचायतीने पुरविले.' 'त्यांनी मुलांना गाणी शिकवली' याच्या खाली ओळखीच्या वळणदार अक्षरात, 'मार्गदर्शन भोजराज गुरुजी.' खिचडीच्या खाली बचत गट होता. पोलिओच्या डोसाखाली सरपंचबाईंचे यजमान होते. आणि अगदी तळाशी, शेवटच्या झेंडूच्या फुलाला लागून, 'हार्दिक शुभेच्छा. मांडव, गाद्या व मोठी भांडी भाड्याने मिळतील', सोबत मोबाइल नंबर.

मुन्शीजींना राग आला नाही. त्यांना वर कडुनिंबाचा पाला हलल्याचा भास झाला, आणि बिसराम मुन्शींच्या आठवणीने त्यांनी नकळत हात जोडले. मग त्यांनी मोजलं. त्या पानावर कुलूप दोनदा होतं, सुखवंताबाई तीनदा.

समारंभाला दोन दिवस उरले. मुन्शीजी पेन उघडत, कागदाकडे पाहत आणि पेन मिटत. सलग लिहावं तर लोकांना दम लागतो, तोडून लिहावं तर लोक घुसतात. शेवटी दुपारी त्यांनी धोतराचा काच्या मारला आणि शेताची वाट धरली. बायकोला सरळ सांगून टाकायचं ठरवलं होतं, की आपल्याच्याने होत नाही, मॅडमनाच लिहू दे.

बोदलकसा तलावाकडे जाणाऱ्या वाटेवर त्यांचं दीड एकर होतं. रोवणा संपत आला होता. खालच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यात, सहा-सात बायका ओळीने वाकल्या होत्या, मध्ये सुखवंताबाई. डाव्या हातात रोपांची पेंडी, उजवा हात चिखलात, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच गाणं.

हिरवी पेंडी हाती बाई, चिखलात पाय
पेंडी सरली, वर पाह्य, पुढं उभं काय

मुन्शीजी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे राहून ऐकत राहिले. हातातली पेंडी संपे तिथेच कडवं संपे. बायका कंबर सरळ करत, समोर लावलेल्या हिरव्या ओळीकडे एकवार बघत, नवी पेंडी उचलत, आणि मग नवं कडवं उगवे. कोणी मोजत नव्हतं, कोणी ठरवत नव्हतं. त्या कडव्याची लांबी कंबरेने ठरवलेली होती. आणि मधल्या त्या क्षणभराच्या मोकळ्या जागेत कोणी घुसत नव्हतं. तिथे फक्त वारा येत होता.

सुखवंताबाईंनी त्यांना पाहिलं आणि चिखलाचे हात तसेच ठेवून धुऱ्यापाशी आल्या. मुन्शीजींना सांगायचं होतं एक, विचारलं दुसरंच. वरची बांधी अंगणाएवढी आणि तिच्या खालची खाटेएवढी, असं का. या बांध्यांचे गट नंबर, आराजी, चतुःसीमा त्यांना तोंडपाठ होत्या, पण हे विचारायचं कधी सुचलं नव्हतं.

"पाण्याले विचारा," सुखवंताबाई म्हणाल्या. "जेवढ्यात पाणी एका पातळीत उभं राह्यते, तेवढी बांधी. जास्त मोठी केली तं एका कोन्यात धान बुडते अन् दुसऱ्या कोन्यात सुकते. जिथं उतार जास्त, तिथं बांधी लहान." मग पायाने धुऱ्यातल्या फोडलेल्या तोंडाकडे दाखवून म्हणाल्या, "अन् हे असं तोंड ठेवा लागते. नाही तं वरचं पाणी खाली येईन कसं."

एवढं बोलून त्या परत ओळीत जाऊन वाकल्या. मुन्शीजी थोडा वेळ त्या तोंडातून झुळझुळणाऱ्या पाण्याकडे बघत बसले. मग मोहाच्या झाडाखाली गेले, खिशातून कागद काढला आणि गुडघ्यावर ठेवून लिहू लागले.

एका बांधीत एकच पाणी. पहिल्या परिच्छेदात त्यांनी फक्त सकाळ लिहिली, सुखवंताबाई चावी घेऊन निघतात आणि गल्लीतली पोरं शेपटीसारखी मागे लागतात ती. दुसऱ्यात नाला लिहिला. पावसाळ्यात नाला भरला की पलीकडच्या टोल्यावरच्या वस्तीतल्या लेकरांना त्या एकेक करून खांद्यावर आणत, आणि परत सोडत. तिसऱ्यात त्यांनी आपला अर्ज लिहिला. तो तर यायलाच हवा होता. चौथा दोनच ओळींचा झाला. 'गावातले निम्मे लोक आपलं नाव पहिल्यांदा तिच्यासमोर नीट बोलले. आता ते मोठ्या आवाजात बोलतात.' यापुढे लिहिलं तर एका कोपऱ्यात बुडेल असं त्यांना वाटलं, म्हणून थांबले. अर्धी ओळ कोरी राहिली. त्यांचा हात सवयीने रेघ मारायला गेला, तेव्हा त्यांनी तो मांडीखाली धरून ठेवला आणि रेघेची वेळ टळू दिली. पाचव्यात रोवणा आला, ती ओळ आली, ते मान वर करून पाहणं आलं.

संध्याकाळी सुखवंताबाई अंगणातल्या दगडावर पाय धूत होत्या. मुन्शीजी खाटेवर बसले आणि घसा साफ करून वाचू लागले. पहिला परिच्छेद संपल्यावर ते थांबले. थांबता येतं, हे त्यांना नवीन होतं. सुखवंताबाईंच्या ओठाचा कोपरा हलला. दुसरा संपला तेव्हा त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि नाल्याचा तो भाग पुन्हा वाचायला सांगितला. मुन्शीजींनी पुन्हा वाचला, जरा सावकाश.

तिसरा सुरू झाला. अर्ज, साहेब, ताठ बसणं. मुन्शीजींनी सवयीने वाट पाहिली, की आता हिला चुलीवरचं काहीतरी आठवेल. सुखवंताबाई उठल्या नाहीत.

"हे काढा," त्या म्हणाल्या.

"काऊन?"

"खोटं आहे ते."

मुन्शीजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"तो अर्ज मी देलाच नाही," सुखवंताबाई पायाच्या बोटांकडे बघत म्हणाल्या. "तुमी घरी-दारी सांगत होते तवा सांगू देलं. आता माइकवर वाचतीन, अन् मी खुर्चीवर बसून आयकीन. ते माझ्याच्यानं होणार नाही."

मग त्यांनी हळूहळू सांगितलं. रांगेत त्यांच्या पुढे एक बाई होती, तिचाही अर्ज लांबलचक होता. साहेबाने तो हातात तोलला आणि न वाचताच बाजूला सरकवला. ते पाहून सुखवंताबाई रांगेतून बाहेर आल्या, शिपायाकडून कोरा कागद मागितला आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून स्वतःच लिहिलं. आपलं नाव आणि गाव एकदा. सातवी पास आहे, हे त्याच्या खाली, जागा सोडून. गावातली लेकरं मला ओळखतात, हे त्याच्या खाली, आणखी जागा सोडून. साहेबाने तिन्ही गोष्टी वाचल्या आणि सही केली.

 सदतीस वर्षांतले सगळे लग्नमांडव मुन्शीजींच्या डोळ्यांसमोरून एकामागून एक चालत गेले, प्रत्येक मांडवात ते स्वतः बोटं नाचवत साहेबाचं ताठ बसणं सांगत होते.

"मले तरी सांगाचं होतं," ते शेवटी म्हणाले.

"किती खूश होते तुमी."

सुखवंताबाई आत गेल्या. पेटीची कडी वाजली. बाहेर आल्या तेव्हा हातात आठ घड्या घातलेला एक पिवळा कागद होता. त्यांनी तो खाटेवर पसरला. दीड पान, सलग, मुंगीलाही वाट नाही असं. बिसराम मुन्शींनी उभं राहून तपासलेलं. मुन्शीजी आपलंच अक्षर अनोळखी माणसासारखं पाहू लागले, आणि त्यांनाही पहिल्या चार ओळींतच दम लागला.

सुखवंताबाईंनी त्या भिंतीसारख्या मजकुरात, न शोधता, एका ठिकाणी बोट ठेवलं. तिथे राहण्याच्या पत्त्याचा मजकूर संपत होता आणि अर्धी ओळ उरली होती. मुन्शीजींना आठवलं. रेघ बरी दिसत नव्हती. पाठीमागे बिसराम मुन्शी उभे होते. जागा सुटता कामा नये म्हणून, कोणाचं काही बिघडणार नाही असं काहीतरी त्यांनी घाईने लिहून टाकलं होतं. त्यांनी ते वाचलं. 'सदर बाई घरी नसल्यास घर ओळखू येत नाही.'

अंगणातला उजेड उतरत आला होता. सुखवंताबाईंनी कागदाच्या घड्या परत एकेक करून घातल्या.

"सायबाले लांब होता मनून नाही देला, हे खरं आहे," त्या म्हणाल्या. "पण माझ्या कागदाले पिनेनं जोडून देता आला असता. जातानी बसमध्ये हे वाचलं, अन् द्याचं मनच झालं नाही. तुमी तोंडानं तं कदी बोलले नाही. मनलं, एवढं माझ्याजवळ राहू दे."